माझ्याशी बोलता का त्याच्याशी?

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, ताई, दिवाळी अंक आहे, लोक चकली खाता खाता वाचतात, तेव्हा जरा हलकंफुलकं लिहा. इतकी वर्षं नोकरी केलीत, गमतीदार माणसं भेटलीच असतील. भेटली ना. एक आजोबा दर मंगळवारी सुनेची तक्रार घेऊन यायचे आणि तक्रार काय, तर ती चहात आलं घालत नाही. आम्ही त्यांना आल्याचा चहा पाजायचो आणि तक्रार निकाली काढायचो. असल्या गोष्टींवर मी पानंच्या पानं भरू शकते. पण यंदा माझा राग आवरत नाही, आणि रागात असताना मला विनोद सुचत नाहीत. ज्यांना चकलीची चव बिघडवायची नसेल त्यांनी खुशाल पान उलटावं.

मी पनवेलच्या एका महिला आधार केंद्रात तीस-बत्तीस वर्षं काम केलं. समाजसेविका म्हटलं की लोकांना शाल आणि हार दिसतात. आम्ही पगारी नोकर होतो आणि तसं म्हणवून घ्यायला मला कधी लाज वाटली नाही. माझ्या घरचे, म्हणजे भाऊ, बहिणी, चुलते, एकेक करून सगळे इस्रायलला गेले. भाऊ अजून शनिवारी संध्याकाळी, शब्बाथ, म्हणजे आम्हा ज्यूंचा विश्रांतीचा वार, संपला की, फोन करून विचारतो, लिली, काय ठेवलंय तुझं त्या पनवेलला? आधी मी म्हणायचे, केसेस. आता निवृत्त झाल्यावर म्हणते, पाणी बरं आहे इथलं. खरं कारण मलाही नीट सांगता येत नाही.

आमचं काम बाहेरच्या माणसाला सांगायचं तर असं आहे. मार खाल्लेली, घरातून हाकललेली किंवा त्याहून वाईट काही सोसलेली बाई दारात येते. तिला 'काय झालं?' असं विचारायचं नाही. हा पहिला नियम, आणि नव्या मुलींना तो शिकवताना माझा घसा कोरडा पडायचा. पाणी द्यायचं, एसटी मिळाली का विचारायचं, जेवलीस का विचारायचं. समोरासमोर खुर्ची टाकायची नाही, कारण तशी ती साहेबांपुढे बसलेली असते. शेजारी बसायचं, तिला दार दिसेल असं. आणि शक्य तर हाताला काही काम द्यायचं. आमच्याकडे बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलायला असायचे. हात गुंतले की बाई आपोआप बोलायला लागते. बोलते तेही तुकड्यातुकड्यानं, मागचं पुढं, आज एक तर उद्या वेगळंच. ते खोटं नसतं. मार बसलेलं मन असंच आठवतं.

नेरे गावाच्या बाजूची एक सून आमच्याकडे यायची. ती कितीतरी भेटींत फक्त शेजारच्या फार्महाऊसमधल्या कुत्र्याबद्दल बोलली. कुत्रा भर दुपारी फार भुंकतो, ताई. मालकाला सांगून बांधून ठेवता येईल का? मी वाल सोलत ऐकत राहिले. कुत्रा कोणत्या रंगाचा, त्याला खायला कोण घालतं, एवढंच विचारत राहिले. मग एके दिवशी वाल सोलता सोलता, मान वर न करता ती म्हणाली, की नवरा कामाला गेल्यावर सासरा तिच्या खोलीकडे यायचा तेव्हाच तो कुत्रा भुंकायचा. त्या आधीच्या सगळ्या भेटी वाया गेल्या असं कोणी म्हणेल का? म्हणणारे निघाले. त्यांचीच गोष्ट सांगायची आहे.

गेल्या वर्षी प्रधानसरांचा फोन आला. प्रधानसर आमच्या संस्थेचे सचिव, बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, मनानं सज्जन, पण कोणतीही नवी गोष्ट दिसली की हरखून जाणारे. एका कंपनीनं संस्थेला एआयचं एक साधन वापरून बघायला दिलं होतं. ते चांगलं की वाईट हे ठरवायला अनुभवी माणूस हवा होता. काही महिने केंद्रात येऊन बसायचं आणि शेवटी लेखी मत द्यायचं. मी म्हटलं, शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ लागायच्या आत मला घरी सोडायचं, बाकी काही अट नाही.

त्या साधनाला कंपनीनं एका फुलाचं नाव दिलं होतं. मी त्याला यंत्रच म्हणते. एक फोन टेबलावर ठेवायचा. तो आमच्या कार्यकर्तीचं आणि आलेल्या बाईचं बोलणं ऐकणार, त्याचा अहवाल लिहिणार, पुढच्या भेटीत काय विचारावं ते सुचवणार. कंपनीचा अनिकेत नावाचा मुलगा माहिती द्यायला आला होता. तो म्हणाला, हे ट्रॉमा-इन्फॉर्म्ड आहे, म्हणजे आघात झालेल्या माणसाला पुन्हा दुखावणार नाही अशा बेतानं बनवलंय. मी म्हटलं, बघू.

पहिल्या दिवशी मीच गिऱ्हाईक होऊन बसले. यंत्राला सांगितलं, की आज सकाळी दुधाची पिशवी हातातून पडून फुटली. ते म्हणालं, हा अनुभव तुमच्यासाठी खूप कठीण गेला असेल, तुम्ही हे सांगायचं धाडस केलंत. मग सांगितलं, की बोक्यानं ते दूध चाटलं. त्यावर ते म्हणालं, यात तुमची काहीही चूक नाही. अनिकेत ओशाळून हसला. मीही हसले, तेव्हा हसू येत होतं.

त्याचे गुणही सांगते, नाहीतर म्हणाल म्हातारीला नवं काही चालत नाही. आमच्या मुलींचा अर्धा दिवस अहवाल लिहिण्यात जायचा, ते काम यंत्र चुटकीसरशी करायचं. आमच्याकडे येणाऱ्या आगरी-कोळी बायकांची बोली त्याला कळणार नाही, तिथे ते आपटेल, असं मला वाटलं होतं. नाही आपटलं. शब्द न् शब्द बरोबर लिहायचं. मी पहिल्या महिन्यात प्रधानसरांना म्हटलंसुद्धा, की कारकुनी कामाला हे उत्तम आहे. हे वाक्य मला पुढे फार महागात पडलं.

घोळ होता तो मार्कांचा. भेट संपली की यंत्र आमच्या कार्यकर्तीला मार्क द्यायचं. तिनं संमती घेतली का, 'तुम्ही इथे सुरक्षित आहात' असं म्हटलं का, भावनांना दुजोरा दिला का, पर्याय दिले का. मार्क प्रधानसरांना त्यांच्या खोलीत दिसायचे. आमच्या केंद्रातली सगळ्यात चांगली कार्यकर्ती म्हणजे प्राजक्ता. मीच तयार केलेली मुलगी, गप्प बसायची कला तिला जन्मतःच आलेली. तिला सगळ्यात कमी मार्क. वाल सोलत बसलेल्या एका अख्ख्या भेटीखाली यंत्रानं लिहिलं होतं, अर्थपूर्ण संवाद झाला नाही. प्रधानसरांनी तिला बोलावून प्रेमानं सांगितलं, की जरा मार्क सुधारा.

आणि प्राजक्तानं सुधारले. तीच नव्हे, सगळ्याच मुलींनी सुधारले. कोणती वाक्यं म्हटली की मार्क पडतात हे आठवड्याभरात सगळ्यांना कळलं होतं. शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तशी ती वाक्यं प्रत्येक खोलीतून ऐकू यायला लागली. मी ते प्रधानसरांना सांगितलं तर ते खूश झाले, म्हणाले, म्हणजे दर्जा वाढला.

त्याच दिवसांत रेश्माची केस चालू होती. रेश्मा उरणजवळच्या मोऱ्याची, मासे विकणारी. नवरा बोटीवर जायचा आणि परत आला की मारायचा. एकदा त्यानं फेकलेला पाट तिच्या सहा वर्षांच्या मुलाला लागला आणि त्याचा हात मोडला. दवाखान्यातून वर कळवलं गेलं, आणि घर सुरक्षित नाही म्हणून मुलाला बालगृहात ठेवण्यात आलं. कायद्यानं ते बरोबरच होतं, मी असते तर मीही तेच केलं असतं. पुढे रेश्मानं नवऱ्याला सोडलं, पोलीस केस केली, आईकडे राहायला आली, धंदा पुन्हा सुरू केला. आता तो मुलगा, निशू, तिला परत मिळायचा होता. ते बालकल्याण समिती ठरवणार होती, आणि समितीपुढे आमच्या केंद्राचा अहवाल जाणार होता. म्हणजे तिचं सगळं आमच्या त्या खोलीतल्या भेटींवर अवलंबून होतं.

एका भेटीला मी कोपऱ्यात बसले होते. प्राजक्तानं फोन टेबलावर ठेवला आणि म्हटलं, हे संभाषण नोंदवलं जाणार आहे, तुमची संमती आहे का, तुम्ही कधीही नाही म्हणू शकता. रेश्मा म्हणाली, हो. मग प्राजक्ता सुरू झाली. तुम्ही इथे सुरक्षित आहात. तुम्हाला जे वाटतंय ते स्वाभाविक आहे. तुम्हाला बोलायचं नसेल तर तो पर्याय तुमच्याकडे आहे. बोलताना तिची नजर फोनवर होती, आणि ते तिच्या लक्षातही आलेलं नव्हतं. रेश्मा आधी तिच्याकडे, मग फोनकडे, मग पुन्हा तिच्याकडे बघत होती.

"ताई," ती शेवटी म्हणाली, "तुमी माज्याशी बोलता का त्याच्याशी?"

प्राजक्ताच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. उरलेली भेट दोघी गप्प बसून होत्या. यंत्रानं त्या भेटीला प्राजक्ताला आजवरचे सगळ्यात जास्त मार्क दिले, आणि रेश्माच्या नावापुढे लिहिलं, सहकार्य कमी.

समितीसाठी यंत्रानं तयार केलेला अहवाल मी वाचला तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाषा अगदी गोड होती. आईला आघाताचा इतिहास असून तिच्याविषयी सहानुभूती बाळगावी, असं होतं. आणि पुढे, आई मुलाचा उल्लेख टाळते, मुलाविषयी भावनिक ओढ व्यक्त करत नाही, मुलाला परत देण्याची घाई करू नये. ज्या बाईनं पोरासाठी नवरा, घर आणि अर्धं गाव अंगावर घेतलं, तिला ओढ नाही असं एक फोन सांगत होता, तेही सहानुभूतीपूर्वक.

मी दुसऱ्याच दिवशी मोऱ्याला गेले. रेश्मा दारात बसून कोळंबी सोलत होती. मीही बसले सोलायला. बराच वेळ आम्ही माशांच्या भावाबद्दल, बर्फाबद्दल, गिऱ्हाइकांच्या घासाघिशीबद्दल बोललो. मग तिनं आपणहून घरात जाऊन निशूचा नवा शर्ट आणून दाखवला, नारळी पौर्णिमेसाठी घेतलेला, जरा मोठाच, कारण तोवर तो वाढला असेल म्हणून. ती त्याच्याबद्दल बोलायला लागली ती थांबेना. तो मांदेलीशिवाय जेवत नाही, झोपेत दात खातो, बोटीचा भोंगा ऐकला की धावत सुटतो. मी विचारलं, हे सगळं केंद्रात का नाही गं सांगितलंस?

"दवाखान्यात एक बाई अशीच गोड बोलत व्हती," ती म्हणाली. "मी खरं ते सांगलं, घरात भ्या वाटते म्हून. ती लिवत व्हती. तेवड्यावर माजा पोऱ्या गेला. आता लिवनाऱ्याच्या म्होरं मी त्याचं नाव घेनार नाय."

एवढं साधं होतं. तिच्या लेखी पोराचं नाव काढलं की पोर जातं. म्हणून ती जीव तोडून गप्प बसत होती, आणि तिच्या त्या गप्प बसण्याचंच आम्ही तिच्याविरुद्ध प्रमाणपत्र केलं होतं. शेजारी बसून हाताला काम दिलं असतं तर तिनं केंद्रातही सांगितलं असतं. प्राजक्ता तसंच बसली असती. पण त्याला मार्क नव्हते.

मी तशीच केंद्रात गेले. प्रधानसर आणि अनिकेत दोघंही होते. मी म्हटलं, हा अहवाल थांबवा. अनिकेत म्हणाला, ताई, ही यंत्राची चूक म्हणता येणार नाही, बोलण्यात मुलाचा उल्लेखच नाहीये. मी म्हटलं, अरे, तुझ्या त्या फोनपुढे तिनं पोराचं नाव का घ्यावं? तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, की तिची संमती आहे ना, प्रत्येक भेटीला तिनं हो म्हटलंय. मी त्या दिवशी जे बोलले ते छापण्यासारखं नाही. प्रधानसरांनी मला पाणी दिलं आणि मग हळूच सांगितलं, की अहवाल आता थांबवता येणार नाही. तो तयार झाला की आपोआप जातो, आणि गेला आहे.

समितीतल्या लोकांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे आमच्याच संस्थेच्या नावानं कागद होता. त्यांनी तो वाचून निर्णय पुढे ढकलला. मी आणि प्राजक्तानं नव्यानं भेटी घेतल्या, फोन पिशवीत ठेवून. मोऱ्याला जाऊन बसलो, शेजारणींशी बोललो, आणि हातानं दुसरा अहवाल लिहिला. प्राजक्तानं तो समितीपुढे स्वतः वाचला. पोरगा मिळाला, पण तोवर नारळी पौर्णिमा गेली, गणपती गेले, दसराही गेला. रेश्मा त्याला न्यायला आली तेव्हा शर्ट बरोबर बसत होता. मोठा घेतलेला शर्ट बरोबर बसेपर्यंत पोराला आईपासून लांब ठेवणं, याला आम्ही आघाताचं भान म्हणायचं. तिनं तो त्याला घालून नुसतं बघितलं.

मग मी माझं लेखी मत दिलं. त्यात आडपडदा ठेवला नाही. हे यंत्र वाईट बोलतं म्हणून धोक्याचं नाही, लिहिलं मी. ते माणसांना एकमेकांऐवजी यंत्राशी बोलायला लावतं म्हणून धोक्याचं आहे. कार्यकर्तीचे मार्क बंद करा. गप्प बसण्याचा अर्थ यंत्राला लावू देऊ नका. समितीकडे माणसानं वाचल्याशिवाय एक ओळ जाता कामा नये. आणि जिचं पोर तुमच्या हातात आहे तिच्या 'हो'ला संमती म्हणू नका. अनिकेतनं ते दोनदा वाचलं, मला फोनही केला, म्हणाला, ताई, मी वर सांगतो. त्याचं वाईट वाटलं मला. प्रधानसर म्हणाले, सूचनांचा विचार करू.

या उन्हाळ्यात संस्थेचा कार्यक्रम झाला, इथेच पनवेलला, एसी हॉलमध्ये. मला आग्रहानं बोलावलं, पहिल्या रांगेत बसवलं. पडद्यावर यंत्राची माहिती आली. त्याखाली मोठ्या अक्षरांत, 'तीन दशकांचा अनुभव असलेल्या समाजसेविकेच्या मते उत्तम'. कारकुनी कामाला, हे शब्द गळले होते. आणि त्यानंतर आली यशोगाथा. कोळी समाजातली एक माता, नाव बदललेलं, यंत्राच्या मदतीनं तिचं मूल तिला परत मिळालं. फोटोत पाठमोरी बाई, होडी, पाणी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्राजक्ता मागे भिंतीशी उभी होती, तिनं मान खाली घातली.

मी जागेवर उभी राहिले आणि म्हटलं, हे खोटं आहे. यानं तिचं मूल तिच्यापासून लांब ठेवलं, परत आणलं ते या मागे उभ्या असलेल्या मुलीनं. मग निवेदिकेनं हसून म्हटलं, ताईंच्या भावना आपण समजू शकतो. मला कळलं, की हीसुद्धा तीच वाक्यं शिकली आहे. प्रधानसर लगबगीनं माझ्यापाशी आले, मला बाहेर घेऊन गेले, आणि कानाशी म्हणाले, लिलीताई, आपण काही बेकायदा केलेलं नाही. तिला रीतसर विचारलंय. तिची लेखी संमती आहे, मी स्वतः बघितलीय.

माझा विश्वास बसेना. हॉलच्या पायऱ्यांवर उभं राहूनच मी रेश्माला फोन लावला. मागे बाजाराचा गलका होता. मी विचारलं, तुझी गोष्ट वापरायला तू हो म्हणालीस?

"हो बोलले ना," ती म्हणाली. "ते घरी आल्ते तवा पोऱ्या भात खात बसला व्हता."

मी म्हटलं, अगं, पण नाही म्हणायचं होतंस. नाही म्हणता येतं, असं ते सांगतात ना.

"सांगतात," रेश्मा म्हणाली. "पन ज्यांनी पोऱ्या दिला तेच विचारत व्हते, ताई. त्यांना नाय कोन बोलल?"

मग तिचा आवाज एकदम खाली आला. "तुमी का विचारता? माजं काय चुकलं का?"

मी म्हटलं, नाही गं बाई, तुझं काही चुकलेलं नाही. निशूला कोणी नेणार नाही, मी सांगते ना तुला. पटतंय ना?

ती लगेच 'हो' म्हणाली, अगदी त्या फोनपुढे म्हणायची तसंच.